इल्कलीची वर्तुळाकार पायवाट : गावातून राईत, राईतून मूरवर आणि परत गावात – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधील वेस्ट यॉर्कशायर परगण्यात, व्हार्फ नदीच्या काठी इल्कली नावाचे छोटे गाव आहे. गावाच्या दक्षिणेला उभा चढ आहे आणि त्या चढाच्या माथ्यावर मैलोन्‌मैल पसरलेला उघडा माळ आहे. तोच इल्कली मूर. लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर या शहरांत शिकणारे किंवा नोकरी करणारे अनेक मराठी लोक सुट्टीच्या दिवशी येथे येतात आणि बहुतेक जण गाडी उभी करून काऊ अँड काफ या दोन खडकांपाशी छायाचित्रे काढून परततात. या जागेला एवढ्यावर सोडून देणे योग्य नाही, असे आम्हांला मनापासून वाटते. गावातून पायी निघून, ओढ्याच्या घळीतील राईतून वर चढून, मूर ओलांडून पुन्हा गावात उतरणाऱ्या वाटेविषयी जे प्रश्न नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

ही वाट नेमकी कोठून कोठे जाते?

सुरुवात आणि शेवट इल्कली रेल्वे स्थानकावर होतो. स्थानकातून बाहेर पडल्यावर ‘द ग्रोव्ह’ या दुकानांच्या रस्त्याने पश्चिमेकडे चालत राहावे आणि पुढे ग्रोव्ह रोडने हेबर्स गिल या घळीच्या तोंडाशी पोहोचावे. येथून चढाची पायवाट ओढ्याच्या कडेने वर जाते, छोट्या लाकडी पुलांवरून ओढा पुन्हापुन्हा ओलांडते आणि राईच्या वरच्या टोकाला फाटकातून मूरच्या कडेवर येते. तेथे उजवीकडे वळून थोडे अंतर गेल्यावर वुडहाउस क्रॅगवरील स्वस्तिक शिळा लागते.

शिळा पाहून त्याच वाटेने मागे फिरावे आणि मूरची कड न सोडता, गाव डाव्या हाताला खाली ठेवून, पूर्वेकडे व्हाइट वेल्स या पांढऱ्या इमारतीपर्यंत यावे. इमारतीमागील कातळातून दगडी पायऱ्या वर माळावर जातात. तेथून दक्षिणेकडे जाणारी ठळक पायवाट, जिच्यावर दलदलीच्या जागी मोठ्या दगडी लाद्या बसवल्या आहेत, ट्वेल्व्ह अपॉसल्स या शिलावर्तुळापाशी पोहोचवते. परतताना ईशान्येकडे, बॅकस्टोन बेक या ओढ्याच्या बाजूने काऊ अँड काफ खडकांकडे उतरावे आणि तेथून टार्न नावाच्या लहान तळ्यावरून वेल्स रोडने स्थानकावर यावे.

अंतर किती आहे आणि वेळ किती लागतो?

एकूण अंतर सुमारे ११ किलोमीटर आणि चढ जवळजवळ ३०० मीटर आहे. सवय असलेल्या माणसाला न थांबता साडेतीन तास पुरतात. परंतु या वाटेवर थांबून पाहण्यासारखे इतके आहे की, पाच तास हाताशी ठेवूनच निघावे. राजगड किंवा हरिश्चंद्रगड चढणाऱ्यांना हा चढ किरकोळ वाटेल. येथील कस चढात नाही, वाऱ्यात आणि पायाखालच्या ओलीत आहे.

प्रदक्षिणा उजवीकडून घालतात. मग ही वाट घड्याळाच्या उलट दिशेने का सांगितली आहे?

याची तीन कारणे आहेत. पहिले असे की, या भागात वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून वाहतो. त्यामुळे कडेवरून पूर्वेकडे जाताना आणि शेवटी ईशान्येकडे उतरताना तो पाठीवर राहतो. दुसरे, हेबर्स गिलमधील दगड आणि मुळे वर्षातील बहुतेक दिवस ओली असतात आणि अशा जागी उतरण्यापेक्षा चढणे केव्हाही सुरक्षित असते. तिसरे कारण सोयीचे आहे : अंग थकलेले असते तेव्हा आपण डांबरी रस्ता, वाहनतळ आणि चहा मिळण्याच्या जागेजवळ पोहोचलेले असतो.

याखेरीज एक कारण आहे, जे मोजता येत नाही. घळीत ओक, बीच आणि बर्च यांच्या सावलीत, पाण्याचा आवाज कानाशी असताना, दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. आणि फाटक ओलांडताच एका क्षणात सगळे आभाळ उघडते. हा बदल अंगावर घ्यायचा असेल तर राई आधी आणि मूर नंतर, हाच क्रम हवा. थेट काऊ अँड काफवर गाडीने येणाऱ्याला मूर दिसतो, पण तो किती उघडा आहे हे जाणवत नाही.

मूरवर झाडे का नाहीत? तो नैसर्गिक आहे का?

पूर्णपणे नैसर्गिक नाही. हिमयुगानंतर या उंचीवरही बऱ्याच भागात झाडी होती. अश्मयुगीन आणि कांस्ययुगीन माणसांनी ती शिकारीसाठी, गुरांसाठी आणि शेतीसाठी हळूहळू तोडली व जाळली. पुढे हवामान अधिक थंड आणि दमट झाले, जमिनीतील पोषक द्रव्ये धुपून गेली आणि पाणी साचून राहू लागले. साचलेल्या पाण्यात मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. त्यांचे काळेकुट्ट थर एकावर एक साचतात, त्यालाच पीट म्हणतात. त्यानंतरच्या शतकांत मेंढ्यांच्या चराईने आणि ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी हेदरची झुडपे पाळीपाळीने जाळण्याच्या पद्धतीने झाडांना पुन्हा उभे राहू दिले नाही.

इल्कली मूर ब्रॅडफर्ड महानगरपालिकेच्या मालकीचा आहे. येथील ग्राउझ शिकारीचा परवाना २०१८ मध्ये संपला आणि महापालिकेने त्याचे नूतनीकरण केले नाही. पीटच्या थरांत फार मोठ्या प्रमाणात कार्बन साठलेला असतो आणि पावसाचे पाणीही हे थर धरून ठेवतात. त्यामुळे ते ओले राहणे आणि न जळणे याला खालच्या खोऱ्यातील गावांच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. पायवाट सोडून चिखल टाळण्यासाठी बाजूने चालत गेल्यास वाट दरवर्षी रुंदावत जाते आणि उघडा पडलेला पीट पावसाने वाहून जातो. म्हणून चिखल असेल तेथे चिखलातूनच चालावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

वाटेत कोणती झाडे, झुडपे आणि पक्षी दिसतात?

कडेच्या उतारांवर ब्रॅकन ही नेच्याची उंच जात माजलेली असते. उन्हाळ्यात ती कमरेपर्यंत येते आणि शरद ऋतूत तांबूस होऊन आडवी पडते. वर माळावर हेदर आणि बिलबेरी यांची बुटकी झुडपे, तर पाणथळ जागी स्फॅग्नम शेवाळ आणि कापूसगवत असते. मे अखेरीपासून जूनपर्यंत कापूसगवताचे पांढरे गोंडे वाऱ्यावर हलताना दिसतात. वसंतात कर्ल्यू या लांब, वाकड्या चोचीच्या पक्ष्याची चढत जाणारी शीळ ऐकू येते, आणि आपल्या टिटवीची जातभाई असलेली लॅपविंगही दिसते. हेदरमधून पायाजवळूनच एखादा तपकिरी पक्षी कर्कश ओरडत उडाला, तर तो रेड ग्राउझ समजावा.

स्वस्तिक शिळा खरोखर स्वस्तिक आहे का? तिचा भारताशी संबंध आहे का?

मराठी वाचकांकडून सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. आपल्या उंबऱ्यावर किंवा पूजेच्या पाटावर काढतात तसे काटकोनी स्वस्तिक येथे नाही. वाटोळ्या खळग्यांभोवती वळणे घेत फिरणाऱ्या रेषेने बनलेल्या चार वळणदार भुजा आहेत आणि एका भुजेला बाहेरच्या बाजूस एक जादा शेपूट आहे. उत्तर इटलीतील वाल कामोनिका खोऱ्याच्या खडकांवर अशा आकृत्या पुष्कळ आहेत. त्यामुळे अभ्यासक या शिळेची तुलना प्रथम त्यांच्याशी करतात. शिळेच्या काळाबद्दल त्यांच्यात एकमत नाही. भारतातून कोणी येथे येऊन ती कोरली, असे म्हणण्यास काहीही आधार नाही, आणि असा दावा कोणी पाठवल्यास तो पुढे पाठवू नये.

पाहताना एक काळजी घ्यावी. लोखंडी कठड्याच्या आत, समोरच्या बाजूला जी आकृती ठळक दिसते ती नंतरच्या काळात कोरलेली प्रतिकृती आहे. मूळ आकृती तिच्या मागे, अधिक झिजलेली आहे. बहुतेक जण प्रतिकृतीचे छायाचित्र घेऊन समाधानाने निघून जातात. मूळ रेषा दिसण्यासाठी तिरपे ऊन लागते. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना गेल्यास उथळ खोबणीत सावली भरते आणि आकृती दगडातून वर येते. ढगाळ दिवशी, पाऊस नुकताच थांबला असेल तर, खळग्यांत साचलेले पाणी तेच काम करते.

या मूरवर आणि तो ज्याचा एक भाग आहे त्या विस्तीर्ण रॉम्बाल्ड्स मूरवर खळगे व वर्तुळे कोरलेले शेकडो खडक आहेत. ज्यांनी रत्नागिरी आणि राजापूर परिसरातील सड्यांवरची कातळशिल्पे पाहिली आहेत, त्यांना येथे आल्यावर ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटेल. बारसू, कशेळी, उक्षी येथे मोठमोठे प्राणी आणि मानवाकृती जांभ्यावर कोरलेल्या आहेत. इल्कलीला मात्र प्राणी जवळजवळ नाहीत, केवळ खळगे, वर्तुळे आणि नाल्यांसारख्या रेषा आहेत. दोन्ही ठिकाणी उघडा सपाट कातळ, भोवती दूरवर दिसणारा प्रदेश आणि कोरणाऱ्याचे नाव-गाव काहीच मागे न राहणे, एवढे साम्य आहे. कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये समावेश झाला, आणि आपल्याकडे त्यांच्याविषयी जी जाण वाढते आहे, तीच येथे घेऊन यावी : कोरीव दगडावर उभे राहू नये, रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा कोळसा भरू नये आणि शेवाळ नखाने खरवडू नये.

ट्वेल्व्ह अपॉसल्स पाहून निराशा होईल का?

स्टोनहेंज या प्रचंड शिलावर्तुळासारखे काही असेल अशा अपेक्षेने गेल्यास होईल. सुमारे १५ मीटर व्यासाच्या वर्तुळात कमरेएवढे किंवा त्याहून लहान दगड, काही कललेले, काही आडवे पडलेले, असे हे कांस्ययुगीन स्थळ आहे. येशूच्या बारा शिष्यांचे (ट्वेल्व्ह अपॉसल्स) नाव त्याला फार पुढे, ख्रिस्ती काळात मिळाले. त्याचे महत्त्व जागेत आहे. व्हार्फ आणि एअर या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधून माळ ओलांडणाऱ्या जुन्या वाटेवर हे वर्तुळ आहे आणि चारही बाजूंना माळाखेरीज काही दिसत नाही. येथे दगडांवर न बसता, वर्तुळाबाहेर बसून पाणी प्यावे.

व्हाइट वेल्स येथे काय आहे? डार्विन येथे आले होते हे खरे आहे का?

मूरच्या उतारावरील थंडगार झऱ्याचे पाणी आरोग्यदायी मानले जाई, म्हणून १७०० च्या सुमारास येथे स्नानगृह बांधण्यात आले. आतील गोल दगडी कुंड आजही पाहता येते. एकोणिसाव्या शतकात याच पाण्याच्या लौकिकावर इल्कली हे जलोपचाराचे मोठे केंद्र बनले. गार पाण्यात बुडवणे, ओल्या चादरीत गुंडाळणे आणि मोकळ्या हवेत चालायला लावणे अशा उपचारांसाठी येथे भव्य वास्तू उभ्या राहिल्या. चार्ल्स डार्विन यांना दीर्घकाळ पोटाच्या आणि इतर तक्रारी होत्या. ते १८५९ च्या शरद ऋतूत उपचारांसाठी इल्कलीला आले आणि २४ नोव्हेंबर १८५९ रोजी उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला तेव्हा ते येथेच होते. वेल्स रोडच्या वरच्या टोकाला त्यांच्या नावाची बाग आहे.

व्हाइट वेल्समध्ये छोटे उपाहारगृह आहे. ते उघडे आहे की नाही हे खालूनच कळते : झेंडा फडकत असेल तर चहा मिळतो.

काऊ अँड काफ म्हणजे काय?

मोठा कडा ही गाय आणि त्याच्या पायथ्याशी सुटा पडलेला प्रचंड दगड हे वासरू. रॉम्बाल्ड नावाचा राक्षस संतापलेल्या बायकोपासून पळताना त्याचा पाय पडून वासरू गाईपासून तुटले, अशी स्थानिक कथा आहे. खडक मिलस्टोन ग्रिट या भरड वालुकाश्माचा आहे. ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी मोठ्या नद्यांच्या मुखाशी साचलेल्या वाळूपासून तो घडला. जवळून पाहिल्यास त्यात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे गारगोटीचे कण दिसतात. सह्याद्रीच्या बेसाल्टवर वावरलेल्या माणसाचा पाय या खडकावर कोरड्या दिवशी फार चांगला बसतो, पण हिरव्या शेवाळाचा पातळ थर ओला झाला की तोच खडक निसरडा होतो. कड्याच्या टोकाला कठडा नाही. मुलांचा हात सोडू नये.

कोणत्या महिन्यात जावे?

ऑगस्टच्या मध्यापासून हेदर फुलतो आणि सगळा माळ जांभळा होतो. वर्षातून एकदाच यायचे असेल तर तेव्हा यावे. मे महिनाही उत्तम आहे, कारण घळीतील पालवी कोवळी असते, पक्षी बोलके असतात आणि ब्रॅकन अजून वाढलेले नसते. डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. थंडीत सकाळी दहाच्या आत निघावे, अन्यथा फेरी लहान करावी. जूनमध्ये उजेड रात्री साडेनऊनंतरही राहतो.

कपडे आणि सामान काय घ्यावे?

घोट्यापर्यंतचे, तळ चांगला असलेले बूट, पाणी आत न येऊ देणारे जाकीट आणि एक जादा गरम कपडा ऑगस्टमध्येही घ्यावा. जीन्स भिजली की अंगाला चिकटते आणि लवकर वाळत नाही, म्हणून ती नको. छत्री तर मुळीच घेऊ नये. वर वाऱ्यापुढे ती दोन मिनिटे टिकत नाही. गावात ऊन असताना वर धुके असणे ही येथील रोजची गोष्ट आहे. कागदी नकाशा, होकायंत्र, शिटी आणि विजेरी या चार वस्तू मोबाइल सोबत असला तरी घ्याव्यात.

धुक्यात वाट चुकल्यास काय करावे?

प्रथम थांबावे. मूरवर मेंढ्यांच्या वाटा सर्वत्र आहेत आणि त्या माणसांच्या वाटांसारख्याच दिसतात. घाईने चालत राहिल्यास चूक वाढते. ट्वेल्व्ह अपॉसल्सच्या उत्तरेला असाल तर होकायंत्राने उत्तर दिशा धरल्यास इल्कलीच्या वरची कड येते, परंतु तेथे कातळ आहेत हे लक्षात ठेवून सावकाश जावे आणि ठळक वाट मिळेपर्यंत खाली उतरू नये. कोणी जखमी असेल तर ९९९ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा शिट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही मदतीची खूण आहे. बचावपथके स्वयंसेवकांची असतात आणि पैसे आकारत नाहीत. त्यामुळे संकोचाने उशीर करू नये, आणि किरकोळ कारणासाठी त्यांना बोलावूही नये.

प्रवेश शुल्क किंवा परवानगी लागते का?

नाही. २००० सालच्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील अशा मूरवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला आहे. त्या हक्कात तंबू ठोकणे, शेकोटी पेटवणे किंवा सायकल कोठेही नेणे येत नाही. कुत्रा सोबत असेल तर १ मार्च ते ३१ जुलै या काळात त्याला आखूड दोरीने बांधून ठेवणे बंधनकारक आहे, कारण पक्ष्यांची घरटी जमिनीवरच असतात.

आगीविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. एप्रिल २०१९ मध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, या मूरवर मोठी आग लागली आणि ऐन विणीच्या हंगामात बराच भाग जळून गेला. पीट आतून धुमसत राहतो, वरून विझलेली आग पुन्हा भडकते. डब्यातली भाजी गरम करण्यासाठी छोटा स्टोव्ह, एकदाच वापरायची शेगडी, सिगारेट, यांपैकी काहीही मूरवर पेटवू नये.

गोचिडींची भीती कितपत खरी आहे?

खरी आहे. वसंत ते शरद या काळात ब्रॅकन आणि उंच गवतातून गोचीड अंगावर येते आणि काही गोचिडींमुळे लाइम रोग होतो. लांब विजार मोज्यांत खोचावी, घरी गेल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि मुलांच्या केसांच्या कडेला पाहावे. गोचीड आढळल्यास टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी; तेल, तूप किंवा काडी लावू नये. पुढील काही आठवड्यांत गोल पसरणारा लालसर चट्टा किंवा ताप आल्यास डॉक्टरांना दाखवावे.

भारतातून आलेले आई-वडील आणि लहान मुले यांना जमेल का?

पूर्ण फेरी सात-आठ वर्षांवरील, चालण्याची सवय असलेल्या मुलांना जमते. ज्येष्ठांसाठी आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी वेल्स रोडच्या माथ्यापासून टार्न तळ्यापर्यंतची वाट सोपी आहे. तळ्याला फेरी मारून, बाकावर बसून खाली पसरलेले व्हार्फचे खोरे पाहता येते. त्यांना चढ नको असेल तर काऊ अँड काफपाशी गाडीने जावे. तेथे खडकांच्या पायथ्यापर्यंत थोडेच चालावे लागते. बाबागाडी हेबर्स गिलमध्ये अजिबात नेता येत नाही. बाळ पाठीवर घ्यावे.

जेवणाची आणि स्वच्छतागृहाची सोय काय?

स्वच्छतागृहाचे काम गावातच उरकून निघावे. व्हाइट वेल्सवर विसंबून राहू नये, ते बंद असू शकते. पोळीची गुंडाळी किंवा थालीपीठ आणि चटणी डब्यात घेतल्यास हात गार पडलेले असतानाही खाता येते. फळांच्या साली आणि संत्र्याच्या फोडींचे चोथे ‘कुजून जातील’ म्हणून टाकू नयेत. या आम्लधर्मी, थंड जमिनीत ते फार काळ तसेच पडून राहतात.

तेथे पोहोचावे कसे?

लीड्स स्थानकातून इल्कलीला थेट गाडी आहे आणि सुमारे अर्धा तास लागतो. ब्रॅडफर्ड फॉर्स्टर स्क्वेअर येथूनही थेट गाडी मिळते. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून लीड्सपर्यंत सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे, पण घाईचे होते. रविवारी गाड्या कमी असतात. परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी.

फेरी संपल्यावर वेळ उरल्यास काय पाहावे?

एप्रिलअखेर ते मे या काळात नदीपलीकडच्या मिडल्टन वुड्समध्ये जावे, तेथे ब्लूबेलची निळी फुले झाडांखाली गालिच्यासारखी पसरतात. ऑल सेंट्स चर्चमध्ये अँग्लो-सॅक्सन काळातील तीन कोरीव क्रूस आहेत, आणि हे चर्च जेथे उभे आहे त्या जागी रोमन किल्ला होता. नदीवरचा जुना दगडी पूल सतराव्या शतकातील आहे; डेल्स वे ही लांब पल्ल्याची पायवाट तेथून सुरू होते. व्हार्फ नदीचा येथील पट्टा डिसेंबर २०२० मध्ये अधिकृत स्नानस्थळ म्हणून घोषित झाला आणि इंग्लंडमधील नदीला मिळालेला तो पहिला असा दर्जा होता. हा दर्जा मिळाल्यामुळे पाण्याची नियमित तपासणी सुरू झाली, आणि त्या तपासणीत पाण्याची प्रत निकृष्ट ठरली. दमलेले पाय काठावर बुडवण्याचा मोह झाला तरी अंगावर जखम असल्यास तो टाळावा, आणि पोहण्यापूर्वी काठावरील सूचनाफलक वाचावा.